एकपदरी

रद्दीवाल्या मुनाफच्या काट्यावर ठेवला तंबू
पिशवीसकट, खुंट्यांसकट.
सहाशे ऐंशी.
"आठवड्याचे पेपर याहून जड भरतात, मॅडम,"
म्हणाला, आणि काटा शून्यावर आणून
पुन्हा ठेवला, माझ्या समाधानासाठी.
सहाशे ऐंशीच.

जुना तीन किलो दोनशेचा होता. दुपदरी.
आत जाळी, बाहेर कापड,
मध्ये चार बोटं मोकळी हवा.
कापड माझ्या सॅकमध्ये, काठ्या हेमांगीच्या,
एकोणीस वर्षं असं वाटून घेतलेलं वजन.
मग तिचे गुडघे गेले,
ती गेली नाशिकला लेकीकडे,
आणि काठ्या चुकून तिच्याच सामानात गेल्या.
काठ्यांशिवाय तंबू म्हणजे नुसती चादर.
एक उन्हाळा मी त्यात गाद्या झाकल्या.

मग दोन महिने फक्त ग्रॅम वाचले.
नकाशाचा कोकणाकडचा भाग कापून टाकला,
तिकडे उतरणार नव्हतेच.
बीपीच्या गोळ्या बटणांच्या डबीत आल्या,
बटणं कुठे गेली कोण जाणे.
दादरच्या दुकानातला निहाल म्हणाला,
"काकू, एकपदरी घेताय, पण याला आतून घाम येतो."
म्हटलं, या वयात मलाही येतो. बांध.

मुलुंडला आमच्या गच्चीवर, टाकीच्या मागे,
जानेवारीतली त्यातल्या त्यात थंड रात्र.
नव्या वॉटरप्रूफिंगमध्ये खुंटी ठोकायची नाही
हे कामेरकरांनी तीनदा बजावलं,
चौथ्यांदा लिफ्टमध्ये.
म्हणून सहा बाटल्या पाण्याने भरून
त्यांच्या गळ्यात दोऱ्या.
आधी कोपरे, मग मधोमध चालायची काठी,
एकशे वीसच्या खुणेवर.
पहिल्यांदा त्याने मान टाकली.
दुसऱ्यांदा एका अंगावर कलला,
जेवून उठलेल्या माणसासारखा.
तिसऱ्यांदा कापड असं ताणलं
की टिचकी मारली तर वाजलं.
(ओलीत हे कापड सैल पडतं,
रात्री एकदा उठून आवळावं लागतं,
तेवढं एक पथ्य.)

दिवसा खारे वारे, रात्री मतलई,
शाळेतला भूगोल पंचेचाळीस वर्षांनी कामाला आला.
दार मतलईकडे ठेवलं
आणि समोरच्या टॉवरचे दिवे बघून
चेन पार खालपर्यंत ओढून घेतली.
बावीस मजले. कुणीतरी जागं असणारच.

पहाटे नाकावर थेंब.
गळतोय, म्हटलं, गेले पैसे पाण्यात.
दाराखालून हात घालून चाचपलं:
टाकीच्या आडोशाची गच्ची कोरडी,
दोऱ्या कोरड्या,
माझ्या चपला कोरड्या.
भिंत तेवढी ओली, आणि तीही आतून.
बोट फिरवलं तर रेघ उठली.
कुठून आलं नव्हतं ते पाणी.
रात्रभर मी सोडलेला श्वास
थंड कापडापर्यंत जाऊन
तिथेच थांबला होता.

पंचाच्या तुकड्याने पुसून वाटीत पिळलं.
घरी येऊन, कुणी बघत नसताना,
स्वयंपाकाच्या काट्यावर ठेवलं, वाटी वजा करून.
चौसष्ट ग्रॅम.
यादीत हे कुठे लिहायचं
ते अजून ठरलेलं नाही.

हेमांगीला फोन केला.
"आपल्या जुन्यात कधी ओलं झालं नाही ते," ती म्हणाली.
व्हायचं गं, म्हटलं.
बाहेरच्या कापडाला व्हायचं, रोज.
मधल्या जाळीमुळे आपल्याला कळायचं नाही.
ती जरा वेळ बोलली नाही.
मग म्हणाली, काठ्या पाठवून देऊ का कुरिअरने?
नको, म्हटलं. राहू देत तुझ्याकडे.

शुक्रवारी निघते, कल्याणहून मुरबाडची एसटी.
पंचाचा तुकडा घेतलाय, अकरा ग्रॅम.
दार चार बोटं उघडं ठेवायचं,
समोर कुणी राहत असो,
नसो.